‘साहित्य उपलब्ध नाही’ : हिंगोलीच्या दलित इतिहासाचे पूर्वलेखन

संशोधनाचे आराखडे वाचण्याचे काम अधूनमधून माझ्याकडे येते. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा या भागांतली मुले-मुली नांदेडच्या विद्यापीठात नोंदणी करण्यापूर्वी आपली टिपणे घेऊन येतात. विषय बहुधा एकच असतो : हिंगोली जिल्ह्यातील दलित चळवळीचा इतिहास. प्रस्तावना आवेशाची असते. उद्दिष्टे पाच-सहा असतात, गृहीतके तितकीच. मग ‘पूर्वसाहित्याचा आढावा’ या मथळ्याखाली पंधरा-वीस पुस्तकांची नावे, प्रत्येकाखाली चार-चार ओळी आणि शेवटी एक ठरलेले वाक्य : प्रस्तुत विषयावर साहित्य उपलब्ध नाही, म्हणून हे संशोधन महत्त्वाचे आहे.

हे वाक्य निरुपद्रवी वाटते. मार्गदर्शक त्यावरून नजर फिरवतात आणि पुढचे पान उलटतात. मला मात्र ते भयंकर वाटते. आमच्या माणसांना इतिहास नाही, असे प्रस्थापित इतिहासकारांनी पिढ्यान् पिढ्या न बोलता सांगितले. ज्याची दखल घ्यायची नाही त्याचे नावच घ्यायचे नाही, ही त्यांची रीत होती. आज तेच विधान आमचाच विद्यार्थी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून देतो, आणि तेही पदवी मिळावी म्हणून! साहित्य उपलब्ध नाही म्हणजे काय? कोठे शोधले, कोणत्या भाषेत शोधले, कोणत्या नावाने शोधले, कोणत्या सालापर्यंत मागे गेलात, याचा एका शब्दाने खुलासा नसतो. न शोधता ‘नाही’ म्हणणे हा शोषितांच्या इतिहासावरचा दुसरा अन्याय आहे.

पूर्वलेखनाचा आढावा ही विद्यापीठाने लादलेली उपचाराची बाब आहे अशी आपल्याकडे समजूत आहे. ती का झाली हेही समजण्यासारखे आहे. प्रस्थापितांच्या ग्रंथांना आमच्या अनुभवाचे मोजमाप कशाला करू द्यायचे, असा एक रास्त संताप त्यामागे असतो. परंतु या संतापाने ग्रंथ बाजूला ठेवले तर त्यांतले आरोप तसेच राहतात. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची तर त्याची मूळ साक्ष आधी नीट वाचावी लागते. बॅरिस्टर बाबासाहेबांनी हेच केले, आणि पूर्वलेखनाचा आढावा कसा घ्यावा याचा उत्तम मराठी माणसाने घालून दिलेला नमुना शोधायचा तर तो परक्या पाठ्यपुस्तकात शोधण्याची गरज नाही.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढल्या वर्षी मे महिन्यात तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला. हा निबंध आपण जातीची मीमांसा म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. पण संशोधनाच्या विद्यार्थ्याने तो एकदा केवळ रचनेसाठी वाचावा. आरंभीच बाबासाहेब चार जणांना समोर बोलावतात : फ्रेंच पंडित सेनार, वायव्य प्रांतातले नेस्फिल्ड, जनगणनेचे रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकरांचे जातिसंस्थेवरचे इंग्रजी पुस्तक १९०९ सालचे, म्हणजे निबंध वाचला तेव्हा अवघे सात वर्षांचे. चौघांच्या व्याख्या ते मांडतात आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात : तुम्ही सांगता ते जातीचे मूळ लक्षण आहे की जातीचा परिणाम?

सेनारने विटाळाच्या कल्पनेवर भर दिला. बाबासाहेब म्हणतात, विटाळ ही पुरोहिती कर्मकांडातून आलेली गोष्ट आहे; जातीला तो चिकटला आहे, पण तो जातीचा गाभा नव्हे. नेस्फिल्डने रोटीबंदी पुढे केली. येथे परिणामालाच कारण समजण्याची चूक झाली आहे. रिस्लेकडे नवे फारसे काही नाही, म्हणून त्याला थोडक्यात निरोप. केतकरांपाशी मात्र ते थांबतात. केतकरांनी जातीचा विचार एकट्या जातीपुरता न करता जातींच्या व्यवस्थेच्या संदर्भात केला, हे श्रेय ते मोकळेपणाने देतात. मग जन्माने सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी ही केतकरांनी वेगळी सांगितलेली दोन लक्षणे म्हणजे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत असे दाखवून देतात. बेटीबंदी केली की सभासदत्व आपोआप जन्मावर येते. आणि येथून, केतकरांच्या खांद्यावर उभे राहून, त्यांचा स्वतःचा सिद्धांत सुरू होतो.

या काही पानांत आढाव्याचे सगळे शास्त्र आले. येथे पुस्तकांची जंत्री नाही. चारच माणसे आहेत, पण ती निवडून घेतलेली आहेत. सर्वांना सारखी जागा दिलेली नाही. ज्याच्याकडे देण्यासारखे आहे त्याला अधिक, नाही त्याला एक वाक्य. विरोधकाचे श्रेय नाकारलेले नाही. आणि मुख्य म्हणजे आढावा संपतो तेथे नवा प्रश्न जन्माला येतो. तो वरून चिकटवलेला नाही. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्येही हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर दिसते. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे आणि गलिच्छ धंद्यांत आहे, हे स्टॅन्ली राइस यांचे दोन्ही विचार ते आधी पूर्णपणे मांडतात; घुर्यांनी दिलेली डोक्या-नाकांची मापे तपासून वंशाचा मुद्दा निकालात काढतात; धंद्याच्या मुद्द्याचे स्वतंत्र प्रकरण करून त्याचेही खंडन करतात; आणि त्यानंतरच स्वतःची उपपत्ती सांगतात. त्या उपपत्तीशी कोणी असहमत होवो. पण आधीच्यांना न ऐकता हा माणूस बोलला असे कोणालाही म्हणता येणार नाही.

आता हिंगोलीकडे येऊ. येथे पहिली अडचण नावाचीच आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यापूर्वीचा कोणताही ग्रंथ, कोणताही अहवाल, कोणतीही जनगणना ‘हिंगोली जिल्हा’ या नावाखाली काही सांगणारच नाही. १९६७ साली राज्य शासनाने प्रसिद्ध केलेले गॅझेटियर परभणी जिल्ह्याचे आहे, आणि आजची हिंगोली त्याच्या पोटात आहे. विद्यार्थी ग्रंथालयाच्या सूचीत हिंगोली शोधतो, दोन-चार नोंदी सापडतात आणि तो लिहून टाकतो : साहित्य उपलब्ध नाही. परभणी या नावाने शोधले असते तर त्याची वही भरली असती.

दुसरी अडचण राज्याची. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा होता. त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भारतीय संघराज्यातल्या हैदराबाद राज्याचा. मग साडेतीन वर्षे द्विभाषिक मुंबई राज्याचा आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा. महारवाडा जागचा हलला नाही. त्याच्यावरची राज्ये तेवढी बदलत गेली. प्रत्येक राज्याचे दफ्तर वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या भाषेत. निजामाने १८८४ च्या सुमारास फारसी सोडून उर्दू ही कारभाराची भाषा केली. म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांनी वेठीविरुद्ध, जमिनीसाठी किंवा शाळेसाठी केलेला अर्ज कोठे असेलच तर तो उर्दूत आहे आणि हैदराबादच्या अभिलेखागारात आहे. त्यावरची तारीख फसली सनाची आहे, महिने आजूर, दै, बहमन असे आहेत. फसली सनात ५९० मिळवले की ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंतचा इसवी सन मिळतो, आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवावे लागतात. हे एवढे गणित ज्याला ठाऊक नाही तो १३५५ फसली पाहून मध्ययुगात जातो; प्रत्यक्षात तो कागद १९४५-४६ चा असतो.

तिसरी अडचण आमच्याच नावांची आहे आणि ती सर्वांत बोचरी आहे. ‘दलित’ हा शब्द घेऊन निजामकालीन कागद शोधला तर काहीही हाती लागणार नाही. तेथे आम्ही ‘धेड’ आहोत, ‘महार’, ‘मांग’, ‘चांभार’, ‘ढोर’ आहोत. शासकीय उर्दूत ‘पस्त अक्वाम’ आहोत, म्हणजे खाली दबलेल्या जमाती. भाग्यरेड्डी वर्मांनी हैदराबादेत उभ्या केलेल्या चळवळीमुळे काही काळ ‘आदि-हिंदू’ आहोत. काँग्रेसच्या लेखनात ‘हरिजन’, १९३६ नंतरच्या कायद्यात ‘अनुसूचित जाती’, १९५६ नंतर ‘नवबौद्ध’ आणि ‘बौद्ध’. यातले काही शब्द उच्चारतानासुद्धा चीड येते. एका विद्यार्थिनीने मला स्पष्ट विचारले, ज्या शब्दाने माझ्या आजोबाला हिणवले तो शब्द मी शोधनोंदीत का लिहू? तिचा प्रश्न खरा आहे. पण त्या शब्दामागे आजोबा उभा आहे, आणि त्या दारातून गेल्याशिवाय तो भेटत नाही. शोधताना तो शब्द घ्यावा. लिहिताना आपला शब्द वापरावा. आणि दोहोंमधला फरक आढाव्यात स्पष्ट नोंदवावा. शब्दांची ही बदलती यादी कालक्रमाने मांडली तर तेवढेच एक इतिहासाचे प्रकरण होते. गावांच्या नावांचेही तसेच. वसमतचे बसमत, बस्मथ, हिंगोलीचे रोमन लिपीत ‘हिंगोली’ आणि ‘हिंगोलिई’ अशी दोन्ही रूपे. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या भांडारातही मराठी शीर्षके कोठे देवनागरीत, कोठे रोमन लिपीत आहेत. एकाच रूपाने शोधणारा अर्धे सोडून येतो.

एवढी तयारी झाल्यावर प्रत्यक्ष छापील लेखनाकडे वळले की काय दिसते? हिंगोली परिसरावर लिहिले कमी गेलेले नाही. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढ्याचे नागनाथ मंदिर, तेथले विसोबा खेचर, देऊळ फिरल्याची कथा, यांवर पानेच्या पाने आहेत. इंग्रजांच्या लेखनात हिंगोली येते ती हैदराबाद कंटिन्जंटची छावणी म्हणून. मेडोज टेलरच्या १८३९ सालच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’च्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या छावणीतला हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी भेटतो. ज्याच्याशी टेलरने स्वतः देण्याघेण्याचा व्यवहार केला तोच त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या निघाला! म्हणजे हिंगोलीचा संत छापला गेला, देऊळ छापले गेले, पलटण छापली गेली, ठगसुद्धा छापला गेला. त्याच छावणीचे रस्ते झाडणारा, मेलेली जनावरे ओढणारा माणूस या पुस्तकांत नाही. हा अभाव आढाव्यात नोंदवायचा तो ‘साहित्य उपलब्ध नाही’ या शब्दांत नव्हे. कोणी, कोणासाठी, काय पाहण्यासाठी लिहिले आणि म्हणून त्याला काय दिसले नाही, असे ते लिहावे लागेल.

जेथे आमची माणसे दिसतात तेथे ती नमुना म्हणून दिसतात. सय्यद सिराज-उल-हसन यांच्या निजामी मुलखातील जाती-जमातींवरच्या १९२० सालच्या ग्रंथात जाती इंग्रजी वर्णानुक्रमाने मांडल्या आहेत. उत्पत्तिकथा, लग्नविधी, दैवते, मृतसंस्कार, धंदा असा ठरीव साचा. अशा ग्रंथांत माणूस कधीच बोलत नाही. त्याच्याविषयी बोलले जाते. विद्यार्थी या पानांतले उतारे ‘सामाजिक पार्श्वभूमी’ म्हणून जसेच्या तसे उचलतात. माहिती सांगणारा कोण होता, पाटील की पुरोहित की स्वतः महार, हे विचारल्याशिवाय त्या उताऱ्याला पुरावा म्हणू नये.

याहून मोठा घोटाळा दुसरीकडे होतो आणि त्याबद्दल मला जरा विस्ताराने बोलले पाहिजे. हिंगोलीवरच्या आराखड्यांत हमखास महारवतनाचे प्रकरण असते. त्यात १८७४ चा वंशपरंपरागत वतनांचा कायदा, १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेले विधेयक, असे सगळे असते. पण हा कायदा मुंबई इलाख्याचा होता! निजामाच्या मुलखात तो लागू नव्हता. अत्र्यांचा १९१५ चा ‘गावगाडा’, रॉबर्टसनचे १९३८ चे ‘द महार फोक’ ही पुस्तके इंग्रजी अमलाखालच्या गावांची आहेत. ती पुस्तके थोर आहेत. पण त्यांतला गाव उचलून कयाधूच्या काठी ठेवता येत नाही. महाड १९२७, काळाराम १९३०, हे सर्व ब्रिटिश हद्दीत घडले, जेथे सभा भरवता येत होती, वर्तमानपत्र काढता येत होते. निजामी राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ सारख्या फर्मानांनी परवानगीशिवाय सभा घेणेच गुन्हा ठरवले होते. दोन्हीकडे अस्पृश्यता एकच होती, पण तिच्याविरुद्ध उभे राहण्याची किंमत निराळी होती. औरंगाबाद जिल्ह्यातील दलितांची परिषद ३० डिसेंबर १९३८ रोजी मक्रणपूरला भरली, तिचे मोल महाडच्या मापाने मोजले तर चुकेल. बाबासाहेबांना स्वतःला या मुलखाचा अनुभव होता. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर तळ्याच्या पाण्यावरून जे घडले ते त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणात नोंदवले आहे. ते १९९० मध्ये पुस्तकरूपाने आले. निजामी मुलखातल्या अस्पृश्यतेविषयीच्या थोड्या प्रत्यक्ष साक्षींपैकी ती एक आहे आणि ती हिंगोलीच्या आढाव्यात आलीच पाहिजे.

तुलना करायची तर पुण्या-मुंबईशी न करता नदीपलीकडच्या गावांशी करावी. पैनगंगेच्या उत्तरेला वऱ्हाड. १८५३ पासून तो प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली. उमरखेड, पुसद, वाशिम येथले महार आणि कळमनुरी-सेनगावचे महार यांच्यात सोयरीक होती, बोली एक होती, देव एक होते. राज्य मात्र दोन. तिकडे गणेश आकाजी गवई कायदेमंडळात जातात, नागपुरात किसन फागुजी बनसोडे छापखाना चालवतात. हिंगोलीची लेक वऱ्हाडात नांदायला गेली आणि माहेरी आली तेव्हा तिच्याबरोबर काय आले? असा प्रश्न ज्याने मनात ठेवला तो विदर्भातल्या चळवळीवरचे लेखनही आपल्या आढाव्यात घेईल. जिल्ह्याची आजची सीमा ही वाचनाची सीमा करणे म्हणजे तहसीलदाराला मार्गदर्शक करणे होय.

आता सर्वांत कठीण जागा : १९४७-४८. मुक्तिसंग्रामाचे वाङ्मय विपुल आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी १९६७ च्या, अनंत भालेरावांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ १९८७ चा. नरहर कुरुंदकर, जे मूळचे वसमतजवळच्या कुरुंद्याचे, त्यांचे हैदराबादवरचे लेखन तर्कशुद्धतेसाठी आजही वाचावे असे. या वाङ्मयाच्या मोठेपणाविषयी वाद नाही. पण त्यात दलित येतो तो बहुधा संशयित म्हणून : निजामाने फितवलेला, रझाकारांच्या बाजूला गेलेला. या आरोपाला आमच्याकडून दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. एक, असे घडलेच नाही. दुसरे, घडले ते योग्यच घडले. दोन्ही उत्तरे पूर्वलेखन न वाचता दिलेली असतात.

वाचले तर काय दिसते? संस्थानातले दलित नेतृत्व एकजिनसी नव्हते. बी. एस. व्यंकटराव लायक अलींच्या मंत्रिमंडळात मंत्री होते, श्यामसुंदर निजामाच्या बाजूने उभे होते, तर जे. एच. सुब्बय्या यांचे शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन बाबासाहेबांशी जोडलेले होते. २७ नोव्हेंबर १९४७ रोजी बाबासाहेबांनी निवेदन काढून पाकिस्तान आणि हैदराबादमधल्या अस्पृश्यांना सावध केले, निजामाची बाजू घेऊन समाजाची मान खाली घालायला लावू नका असे बजावले. या अंतर्गत संघर्षाची हकीकत चळवळीतलेच कार्यकर्ते पी. आर. व्यंकटस्वामी यांनी १९५५ साली ‘अवर स्ट्रगल फॉर इमॅन्सिपेशन’ या दोन खंडांत लिहून ठेवली. गेल ऑम्व्हेट यांनी १९९४ च्या ‘दलित्स अँड द डेमोक्रॅटिक रेव्होल्यूशन’मध्ये हैदराबादची बाजू सविस्तर मांडताना त्याचा आधार घेतला. व्यंकटस्वामींची दृष्टी हैदराबाद-सिकंदराबाद या शहरांची आहे. हिंगोलीच्या बाजारपेठेतला किंवा वसमतच्या वाड्यातला दलित कोणाच्या बाजूला होता हे ना मुक्तिसंग्रामाचे वाङ्मय सांगते, ना व्यंकटस्वामी. दोन्हींना समोरासमोर बसवले की मग हा प्रश्न उभा राहतो, आणि तो किती गंभीर आहे हे कळते. कारण फितुरीचा तो शिक्का १९४८ साली संपला नाही. पुढे अनेक प्रसंगी तो गावागावांत बाहेर काढला गेला.

आमच्या स्वतःच्या लेखनाविषयी थोडे कठोर बोलावे लागेल. ‘जनता’ १९३० पासून, ‘प्रबुद्ध भारत’ १९५६ पासून. खैरमोड्यांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ चा. शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांचे खंड, त्यांतला मराठी भाषणांचा अठरावा खंड तीन भागांत. १९५० साली स्थापन झालेल्या मिलिंद महाविद्यालयाने मराठवाड्याला लिहिणारी पिढी दिली आणि १९६८ पासून ‘अस्मितादर्श’ने तिला व्यासपीठ दिले. प्र. ई. सोनकांबळ्यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ चे. मराठवाड्याच्या खेड्याचे इतके खरे चित्र कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाही. हे सारे आढाव्यात ‘ललित’ म्हणून बाजूला काढले जाते. ते का? सिराज-उल-हसन यांचे ऐकीव वर्णन हा पुरावा आणि भूक सोसलेल्याचे कथन हे ललित, ही वर्गवारी कोणी ठरवली?

पण त्याच वेळी हेही पाहिले पाहिजे की ‘दलित’ म्हणून आपण जे लिहितो त्यात पुष्कळदा एकच जात बोलत असते. मातंग, चर्मकार, ढोर यांच्या वस्त्या हिंगोली परिसरात आहेत. आमच्या आढाव्यांत त्यांना एक परिच्छेद मिळतो. स्त्रियांना तोही नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ मध्ये आले, आणि चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास नाही हे म्हणणे त्यांनी गावोगाव हिंडून खोटे ठरवले. हे पुस्तक आमचे विद्यार्थी यादीत घालतात, त्याची पद्धत घेत नाहीत. प्रस्थापितांनी आम्हाला जसे वगळले तसे आम्ही कोणाला वगळत आहोत, याचा रकाना आपल्या आढाव्यात असला पाहिजे. एका महाविद्यालयात जुन्या दलित नियतकालिकांचे गठ्ठे रद्दीत गेल्याचे मी पाहिले आहे. ग्रंथालयाला दोष देता येईल, आणि द्यावाही. परंतु त्या गावातल्या किती कार्यकर्त्यांच्या घरी ते अंक पेटीत आहेत आणि आपण त्यांच्याकडे गेलो काय?

नामांतराच्या लेखनाला वेगळी शिस्त लागते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. परभणी आणि नांदेड जिल्ह्यांना मोठी झळ लागली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांवरचे लेखन तारखेप्रमाणे न लावता स्पष्टीकरणाप्रमाणे लावावे असे मी सांगतो. अत्याचार विरोध समितीचा अहवाल मे १९७९ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला, त्यानंतर कोणी शिक्षण-नोकऱ्यांतल्या दलितांच्या प्रगतीने दुखावलेल्या मध्यमवर्गावर बोट ठेवले, कोणी गावातल्या जमिनीच्या आणि मजुरीच्या संबंधांवर, कोणी थेट धर्मांतरावर आणि गावकीची कामे सोडल्याच्या रागावर. आग एक, कारणे तीन-चार. ज्या गावात वस्ती जळली आणि ज्या शेजारच्या गावात जळली नाही, त्या दोन गावांत कोणते स्पष्टीकरण टिकते, हे पाहण्यासाठीच तर संशोधन करायचे.

कामाची आखणी विचारली तर मी एवढेच सांगतो. पहिले दोन महिने फक्त नकाशा करावा : काय कोठे आहे, कोणत्या भाषेत, कोणत्या नावाखाली. वाचायचे कमी, नोंदायचे अधिक. उर्दू वाचणारा एखादा वृद्ध शिक्षक गाठून ठेवावा. हिंगोली-वसमत भागात ते आजही भेटतात. मग खोल वाचन. प्रत्येक पुस्तकासाठी एक कागद, आणि त्या कागदावर सारांश शेवटी; आधी लेखक कोण, कोणत्या राज्यात बसून लिहितो, कोणाला विचारून लिहितो, हे. लिहायला बसताना पुस्तके मिटून ठेवावीत आणि प्रश्न समोर ठेवावेत. एका प्रश्नाखाली पाच लेखक भांडू द्यावेत. २०१८ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य ठरवले, तेव्हापासून विद्यार्थी टक्के मोजत बसतात. दुसऱ्याचे वाक्य यंत्राला सापडते; दुसऱ्याची दृष्टी उसनी घेतलेली कोणत्या यंत्राला सापडणार?

एक जागा मात्र अशी आहे जिच्यावर कोणीतरी लगेच काम सुरू करावे, कारण तेथे पूर्वलेखन आकड्यांत दडलेले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी हिंगोली-कळमनुरीकडून जो नागपूरला दीक्षेला गेला तो हैदराबाद राज्यातून गेला आणि अठरा दिवसांनी मुंबई राज्याचा रहिवासी झाला. १९५१ ची जनगणना हैदराबादच्या खंडात आहे, १९६१ ची महाराष्ट्राच्या. पहिल्या खंडात तो अनुसूचित जातीत मोजला गेला; दुसऱ्यात त्याने धर्म बौद्ध सांगितला असेल तर तो त्या रकान्यात नाही, कारण बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान मिळाले ते १९९० साली. १९६१, १९७१, १९८१ या तिन्ही जनगणनांत हीच स्थिती आहे. ‘परभणी जिल्ह्यातील अनुसूचित जातींची लोकसंख्या घटली’ असे वाक्य मी एकाहून अधिक प्रबंधांत वाचले आहे, एकाने दुसऱ्याचे घेतलेले. ती माणसे घटलेली नव्हती. ती बौद्धांच्या रकान्यात बसली होती. वसमत, हिंगोली आणि कळमनुरी तालुक्यांचे दोन्ही खंडांतले आकडे, दोन्ही रकाने शेजारी ठेवून, गाववार उतरवून काढले तर कोणत्या गावाने एकजुटीने धर्म बदलला, कोठे अर्ध्या वाड्याने बदलला आणि कोठे मांगवाडा जागचा हलला नाही, हे दिसू लागेल. दोन्ही वर्षांच्या जिल्हा-पुस्तिका मिळवून आधी तेवढे करावे, आणि मग त्या गावांत जाऊन विचारावे.